पाय धुऊन परग्रहावर

जून 2020. टाळेबंदीत माणसे घरात अडकली होती आणि तिकडे बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. फोटो विदर्भभर फिरले. कोणी चमत्कार म्हणाले, कोणी प्रदूषण. लोणारच्या संवर्धनाचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आधीपासून चालू होतेच. न्यायालयाने या रंगाची दखल घेतली आणि पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे व पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. आघारकरच्या तपासणीत कारण सापडले: हॅलोआर्किया, म्हणजे अतिखाऱ्या पाण्यातच सुखाने नांदणारे, अंगात गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव. ऊन तापले, पाऊस नव्हता, पाणी आटले, खारटपणा वाढला आणि त्यांचे फावले. हे जीव तळाशी बसले की वरचे पाणी पुन्हा नितळ दिसू लागे.

लोणारचे विवर सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे, आदळलेल्या अशनीने दख्खनच्या काळ्या बेसॉल्टमध्ये पाडलेले. मंगळाचा पृष्ठभागही बव्हंशी बेसॉल्टचाच. म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे देशोदेशीचे भूवैज्ञानिक लोणारला येतात. हॅलोआर्कियांची आणखी एक खुबी अशी की, पाणी वाळून मीठ झाले तरी त्या मिठाच्या स्फटिकात अडकून ते दीर्घकाळ तग धरू शकतात. आता समजा, उद्या मंगळावरच्या एखाद्या खारट थरात यंत्राला असाच एखादा जीव सापडला. तो तिथलाच कशावरून? इथूनच यानाला चिकटून गेलेला नाही कशावरून?

हा प्रश्न आधीच मिटवता यावा म्हणून यान निघण्यापूर्वी त्याला पुसण्याची, भाजण्याची आणि त्याच्या अंगावरचे जंतू मोजण्याची रीत पडली. आपण बाहेरून आलो की पाय धुऊन घरात शिरतो. इथे परक्याच्या घरी निघताना आधी आपले पाय धुवायचे. ग्रहरक्षण म्हणतात ते हेच. त्याची एक मुळी थेट कोलकात्यात पोहोचते.

जे. बी. एस. हाल्डेन हे विख्यात जीवशास्त्रज्ञ 1957 मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले आणि कोलकात्याला प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात जोशुआ लेडरबर्ग हा बत्तीस वर्षांचा अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियातला मुक्काम आटोपून परतताना त्यांना भेटायला आला. पहिला स्पुटनिक महिन्याभरापूर्वीच उडाला होता, लायका कुत्रीला घेऊन दुसराही वर गेला होता. रशियन क्रांतीला चाळीस वर्षे होत होती आणि नेमके त्याच सुमारास खग्रास चंद्रग्रहण होते. गप्पांत विषय निघाला: सोव्हिएत लोक या मुहूर्तावर चंद्रावर अणुबॉम्ब फोडून जगाला आपली ताकद दाखवतील का?

तसे काही झाले नाही. पण लेडरबर्ग यांच्या मनात जी धास्ती बसली ती कायमची. अंतराळात जाण्याची चढाओढ सत्तेच्या प्रदर्शनासाठी आहे, तिथे काय आहे हे समजून घेण्याची घाई कोणालाच नाही. या धांदलीत माणूस चंद्र-मंगळ पाहण्याआधीच घाण करून ठेवील, हे त्यांनी ओळखले. त्यांचा संशय अनाठायी नव्हता. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या हवाई दलाने चंद्रावर अण्वस्त्र फोडण्याचा अभ्यास हाती घेतला. प्रोजेक्ट ए-119 हे त्याचे नाव. तरुण खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन त्यात हिशेब करत होते, आणि हेच सेगन पुढे मंगळ जंतूंपासून वाचवण्याची गणिते मांडणार होते. या प्रोजेक्टची गोष्ट जगाला कळायला सन 2000 उजाडावे लागले.

मायदेशी परतून लेडरबर्ग यांनी पत्रांचा धडाका लावला. फेब्रुवारी 1958 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने दूषणाचा इशारा देणारा ठराव केला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय विज्ञान परिषदेने या प्रश्नासाठी समिती नेमली आणि अंतराळ संशोधनासाठी कोस्पार ही संस्था उभी राहिली. ग्रहरक्षणाचे नियम आजही तीच ठरवते. त्याच वर्षी लेडरबर्ग यांना नोबेलही मिळाले, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन आले. 1967 च्या बाह्य अवकाश करारातल्या नवव्या कलमाने परग्रहांचे घातक दूषण टाळण्याची जबाबदारी राष्ट्रांवर टाकली. भारताने त्या वर्षी करारावर सही केली आणि 1982 मध्ये त्याला मान्यता दिली.

ठराव करणे सोपे होते. यान खरोखर निर्जंतुक कसे करायचे हा प्रश्न अवघड निघाला. चंद्राकडे निघालेली अमेरिकेची सुरुवातीची रेंजर याने भट्टीत तापवली गेली आणि एकामागून एक बिघडली. उष्णतेने नाजूक विद्युत भाग कमकुवत होतात असा संशय बळावला, आणि चंद्रापुरते भाजणे सोडून देण्यात आले. अभियंत्यांच्या मनात ग्रहरक्षणाविषयी जी अढी बसली ती तेव्हापासून, आणि ती अजून पुरती गेलेली नाही असे मला वाटते.

मोजण्याची पद्धत मात्र साधी आणि चोख आहे. कापसाचा बोळा लावलेली निर्जंतुक काडी ओली करून यानाचा ठरावीक चौरस भाग पुसायचा. ती काडी निर्जंतुक पाण्याच्या नळीत टाकून कंपनांनी हलवायची, म्हणजे चिकटलेले जंतू सुटतात. मग ती नळी 80 अंश सेल्सियसला पंधरा मिनिटे ठेवायची. साधे जंतू मरतात. उरतात ते बीजाणू, म्हणजे कवचात शिरून झोपी गेलेले चिवट जीव. ते पोषक आगरवर ओतून 32 अंशांत तीन दिवस ठेवले की एकेका बीजाणूची एकेक वसाहत नुसत्या डोळ्यांनी दिसते आणि बोटाने मोजता येते. मंगळावर उतरणाऱ्या साध्या यानाला चौरस मीटरला सरासरी 300 आणि सगळे मिळून तीन लाख बीजाणूंची मुभा आहे.

1976 च्या व्हायकिंग यानांना एवढ्यावर सोडले नव्हते. ती जीवसृष्टी शोधायलाच निघाली होती, म्हणून पुसून-मोजून झाल्यावर बंद कवचासकट त्यांना सुमारे 112 अंशांच्या कोरड्या उष्णतेत तासन्‌तास भाजले. त्याची किंमत पुढे वसूल झाली. व्हायकिंगने मंगळाच्या मातीत पोषक द्रव घातला तेव्हा मातीतून वायू सुटला. हे जीवनाचे लक्षण की मातीचे रसायन, यावर पन्नास वर्षे वाद चालला. पण वायू सोडणारे जंतू उड्डाणतळावरून, फ्लोरिडातूनच गेलेले असावेत, हा मुद्दा त्या वादात कधी वरचढ ठरला नाही. यान भाजलेले होते, म्हणूनच भांडण मंगळाविषयी होऊ शकले.

हीच अडचण आपल्याकडे उलट्या बाजूने आली. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांना विचारायचे होते की जीवसृष्टीचे बी अंतराळातून पृथ्वीवर येते का. त्यासाठी इस्रोच्या पाठबळाने हैदराबादहून प्रचंड बलून सोडले गेले, 2001 मध्ये एकदा आणि 20 एप्रिल 2005 ला दुसऱ्यांदा. दुसऱ्या खेपेला द्रवरूप निऑनने थंड केलेल्या, आधीच निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्यांनी 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. नमुने वाटले गेले हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राला आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राला, तिथे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ योगेश शौचे होते. दोन्हीकडे स्वतंत्र तपासणी झाली, कारण एका प्रयोगशाळेतला जंतू दुसरीत निघण्याची शक्यता कमी. जीवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती वाढल्या. तीन जीवाणू नवीन ठरले: जॅनिबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय. त्यांच्या जवळच्या भावंडांपेक्षा ते अतिनील किरणांना अधिक समर्थपणे तोंड देणारे होते.

एवढी काळजी घेऊनही इस्रोने 2009 मध्ये हे जीव अंतराळातून आल्याचा दावा केला नाही. सिद्ध झाले नाही, पण काम पुढे न्यावे, इतकेच म्हटले. त्यातला आर्यभट्टाय पुढे ठिकठिकाणच्या शेतमातीतही सापडला. नारळीकर 20 मे 2025 ला गेले. त्या प्रयोगातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट त्यातला संयम आहे. उत्तर आपल्याला हवे तसे यावे, ही इच्छा तिथे प्रत्येकाला असणार. तरी कोणी पुराव्यापुढे पाऊल टाकले नाही.

सगळीकडे असे झाले नाही. अपोलो 11 च्या अंतराळवीरांना चंद्रावरून जंतू येतील म्हणून 21 दिवस विलगीकरणात ठेवले खरे, पण त्यांच्या कुपीचे दार त्याआधी भर समुद्रात उघडले होते. अपोलो 14 नंतर तो सोपस्कारही बंद झाला. आता चंद्रावर जाणाऱ्या यानाने सोबत काय नेले याची नोंद ठेवली की बहुतेक भागते. 2019 मध्ये बेरेशीट हे इस्रायली यान चंद्रावर आपटले, त्यात टार्डिग्रेड हे सूक्ष्म प्राणी होते आणि ते यानात असल्याची वाच्यता उड्डाणाआधी झालीच नव्हती. लेडरबर्ग यांना कोलकात्यात जी भीती वाटली तिचे हे ताजे रूप आहे. फरक एवढाच की आता सरकारांच्या जोडीला खासगी पैसाही उतरला आहे.

यंत्र भाजता येते, माणूस भाजता येत नाही. त्याच्या आतड्यात, त्वचेवर, श्वासात अब्जावधी जीव असतात. त्याचा पोशाख झिरपतो, दार उघडले की हवा सुटते. मंगळावर माणूस उतरला त्या दिवसापासून तिथल्या प्रत्येक सापडलेल्या जीवावर संशय राहील. कोस्पारने मंगळाच्या ओलसर आणि त्या मानाने उबदार जागा राखीव ठरवून तिथे जाण्यावर वेगळे, कडक निर्बंध घातले आहेत, पण मंगळावर वादळे उठतात आणि धूळ सगळीकडे जाते.

माझे मत स्पष्ट आहे: आधी नमुने पृथ्वीवर यावेत, मग माणूस तिथे जावा. त्याची अर्धी तयारी झालेलीही आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये मंगळाच्या जेझेरो विवरात उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स या अमेरिकी बग्गीने 43 नळ्या नेल्या. 38 खडक-मातीच्या नमुन्यांसाठी आणि पाच साक्षीदार म्हणून: या पाचांत खडक भरत नाहीत, नमुने घेण्याच्या जागी त्या उघडून बंद करतात, म्हणजे यानाबरोबर पृथ्वीवरून काय गेले तेवढेच त्यांत अडकते. नमुन्यात जे आहे आणि साक्षीदारात नाही, ते मंगळाचे. भरलेल्या नळ्या अजून मंगळावरच आहेत, त्या आणण्याची अमेरिकेची मोहीम खर्चाच्या वादात सापडली, आणि चीनने तिआनवेन-3 या आपल्या नमुना मोहिमेसाठी 2028 च्या सुमाराचा बेत जाहीर केला आहे.