तळटीप १७ : लोखंडी पेटीतला मुलगा

१७. लोखंडी पेटी : ‘आयर्न लंग’ हे यंत्र. हार्वर्डमधील फिलिप ड्रिंकर आणि लुई अगासी शॉ यांनी ते तयार केले. १९२८ साली बॉस्टनमध्ये पोलिओ झालेल्या एका मुलीसाठी प्रथम वापरले गेले. यंत्राचे नाव फसवे आहे. फुप्फुस स्वतः हवा ओढत नाही, त्याला तसे स्नायूच नाहीत. श्वासपटल खाली सरकते, बरगड्या उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढून आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित उतरतो आणि हवा आत शिरते. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाच्या एका श्वासात सुमारे अर्धा लिटर. श्वास सोडायला एरवी कष्ट नाहीत, ताणलेले फुप्फुस आपोआप आक्रसते. पोलिओत या स्नायूंना हलवणाऱ्या मज्जारज्जूतील पेशी निकामी होतात : फुप्फुस धडधाकट, पण छाती निश्चल. म्हणून रुग्णाचे डोके बाहेर ठेवून बाकीचे शरीर हवाबंद पिंपात ठेवत आणि भात्याने पिंपातला दाब उतरवून छाती फुगवत. मुलाचे वाक्य मध्येच तुटते ते थकव्यामुळे नव्हे. आवाज उच्छ्वासावर निघतो, आणि उच्छ्वासाची वेळ यंत्र ठरवते. ही गोष्ट लक्षात ठेवूनच पुढचा संवाद वाचावा. ‘हाताने दिलेला श्वास’ हा उल्लेख १९५२च्या कोपनहेगनमधील साथीचा. तेथे यंत्रे अपुरी पडल्यावर ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, श्वासनलिकेत बसवलेल्या नळीवाटे रबरी पिशवी दाबत रात्रंदिवस रुग्ण जगवले.