देवालय, घर आणि दवाखाना : मनोरुग्णसेवेच्या इतिहासातील एक गाव

देवस्थानाच्या अग्रशाळेत उतरणाऱ्या सर्वांचीच गाऱ्हाणी सारखी नसतात. कोणी संततीसाठी आलेला असतो, कोणी मुलीच्या विवाहासाठी, कोणी जमिनीच्या तंट्यातून सुटका मागण्यासाठी. त्यांतच अधूनमधून एखादे कुटुंब असे येते की, त्यातील एक माणूस कोणाशीच बोलत नाही, किंवा रात्रभर बोलायचा थांबत नाही. आईवडील देवाकडे कौल मागतात, तीर्थप्रसाद घेतात, दोन दिवस राहतात आणि परत जातात. तेवढ्या दोन दिवसांत शेजारच्या खोलीतील मंडळी त्या दारावरून जाताना आपल्या मुलांचा हात घट्ट धरतात. आपल्यापैकी बहुतेक महाजनांनी हे दृश्य पाहिलेले आहे, आणि त्याविषयी फारसे कोणी बोललेले नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याच विषयाचा थोडा मागोवा घ्यावा, असे वाटले.

मनाचा विकार आणि देवस्थान यांचा संबंध फार जुना आहे. आपल्याकडे चरकसंहितेने उन्मादाचे पाच प्रकार मानले. त्यांतील चार वातादी दोषांतून उद्भवणारे आणि पाचवा आगंतुक, म्हणजे देव, गंधर्व, पिशाच इत्यादींच्या योगाने होणारा. परंतु त्याच संहितेने असेही बजावले आहे की, मनुष्याने आपल्या दुःखाचा दोष देवांवर किंवा पिशाचांवर टाकू नये. म्हणजे औषध आणि उपासना यांचा विचार आपल्या वैद्यकाने एकत्रच केला होता. पुढे गाणगापूर, नृसिंहवाडी यांसारख्या दत्तक्षेत्रांकडे अशा पीडितांचा ओघ लागला, तो आजही थांबलेला नाही.

असाच ओघ युरोपातील एका गावाकडे कित्येक शतके लागलेला होता. त्या गावाने पुढे जे केले, ते मात्र जगाच्या इतिहासात अपूर्व आहे. बेल्जियममधील अँटवर्प प्रांतातील त्या गावाचे नाव घेल.

घेलची कथा अशी सांगतात : सातव्या शतकात आयर्लंडच्या एका राजाची राणी निवर्तली. शोकाने त्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली आणि आईचेच रूप ल्यालेल्या आपल्या कन्येशी, डिम्फ्नेशी, विवाह करण्याचा त्याने हट्ट धरला. ती आपल्या वृद्ध धर्मगुरूसह समुद्र ओलांडून घेलला आली. राजाने तिचा माग काढला आणि तेथेच तिचा शिरच्छेद केला. वेड्या पित्याच्या हातून मृत्यू आलेली ही कन्या पुढे वेड्यांचीच कैवारी संत मानली गेली. ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. पण तेराव्या शतकात ती लिहून ठेवली गेली, आणि १३४९ पासून तिच्या नावाचे मोठे चर्च तेथे उभे राहू लागले, हा मात्र इतिहास आहे.

दूरदूरचे लोक आपल्या भ्रमिष्ट आप्तांना घेऊन तेथे येऊ लागले. चर्चला लागूनच रुग्णांसाठी एक वास्तू होती. तेथे राहून नऊ दिवसांचे अनुष्ठान करावयाचे, प्रार्थना म्हणावयाच्या, संतिणीच्या समाधीखालून रांगत जावयाचे, असा विधी असे. आपल्या नवरात्राची आठवण यावी, असाच तो प्रकार. परंतु नऊ दिवसांनी सर्वच बरे होत नसत. कित्येकांना पुन्हा अनुष्ठान करावे लागे, तर कित्येकांना त्या वास्तूत जागाच मिळत नसे. तेव्हा चर्चच्या धर्माधिकाऱ्यांनी अशा यात्रेकरूंची सोय गावातील शेतकऱ्यांच्या घरी करण्यास आरंभ केला. कोणी महिनाभर राहिला, कोणी वर्षभर, आणि कोणी जन्मभर.

घेलच्या इतिहासाचे मर्म नेमके येथे आहे. देवाने बरे केले की नाही, हा प्रश्न मागे पडला आणि माणूस घरातच राहिला. तो गाईंना चारा घालू लागला, बटाटे काढू लागला, घरातील मुलांना खेळवू लागला. गावकरी त्याला वेडा म्हणत नसत. आपल्या घरचा पाहुणा, आपल्या पानाला जेवणारा माणूस, असे म्हणत. आईच्या घरी राहिलेल्या पाहुण्याला पुढे तिच्या मुलीने सांभाळावे, अशी उदाहरणे तेथे कितीतरी घडली.

याच काळात अन्यत्र काय चालले होते, तेही पाहिले पाहिजे. लंडनच्या बेथलेम रुग्णालयातील रुग्ण पाहण्यासाठी अठराव्या शतकात लोक जत्रेला जावे तसे जात. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात १७९७ मध्ये प्युसँ नावाच्या व्यवस्थापकाने रुग्णांच्या साखळ्या काढल्या. त्याच्याबरोबर तेथे काम केलेले डॉक्टर पिनेल यांनी या दयाळू पद्धतीला वैद्यकशास्त्रात स्थान मिळवून दिले. रुग्णाला माणूस म्हणून वागवावे, ही गोष्ट विद्वानांना इतक्या उशिरा उमगली.

तथापि घेलचे केवळ स्तोत्र गाणे योग्य होणार नाही. तेथेही दांडग्या रुग्णांच्या पायांत लोखंडी बेड्या असत, आणि पैशाच्या लोभाने पाहुणे ठेवणारी घरेही होती. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर चर्चचा कारभार बंद पडला, तरी घरांनी आपले व्रत सोडले नाही. १८०३ मध्ये ब्रुसेल्सच्या प्रशासनाने आपल्याकडील मनोरुग्ण घेलला पाठविले. १८२१ मध्ये प्रसिद्ध फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ एस्किरोल यांनी हे गाव स्वतः येऊन पाहिले. पुढे १८५० मध्ये बेल्जियमने मनोरुग्णांविषयी कायदा केला, घेलची व्यवस्था शासनाने हाती घेतली, आणि १८६२ मध्ये तेथे रुग्णालय सुरू झाले. नवा रुग्ण प्रथम डॉक्टरांच्या नजरेखाली राहावा, मग योग्य घरी जावा, आणि डॉक्टर-परिचारकांनी घरोघरी जाऊन त्याची विचारपूस करावी, अशी घडी बसली. चित्रकार व्हिन्सेंट व्हान गॉग याला घेलला पाठवावे, असे त्याच्या वडिलांच्या मनात १८८० मध्ये आले होते, यावरून त्या गावाचा लौकिक कळतो. १९३८ मध्ये तेथील घरांतून सुमारे ३,७०० पाहुणे राहत होते. पुढे नवी औषधे आली, घरातील स्त्रिया नोकरीस जाऊ लागल्या, शेती आटली, आणि ही संख्या उतरत काही शेकड्यांवर व नंतर त्याहूनही खाली आली. तरीही ती परंपरा अखंड आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने तिची नोंद जतन करण्याजोग्या आदर्श पद्धतींमध्ये केली.

आता आपल्या देशाकडे वळू. १८५८ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात वेड्यांच्या इस्पितळांना रूप आले. १८८६ मध्ये रत्नागिरीस आणि १९०१ मध्ये ठाण्यास अशी इस्पितळे सुरू झाली. ‘ठाण्याला पाठवा’ हा आपल्याकडे थट्टेचा शब्द झाला, यातच समाजाची दृष्टी दिसून येते. या इस्पितळांच्या उंच भिंतींनी रुग्णाला निवारा दिला, पण घर तोडले. ते पुन्हा जोडण्याचा पहिला मोठा प्रयोग १९५० नंतरच्या दशकात अमृतसरला झाला. तेथील मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातलगांना आवारात तंबू ठोकून राहू दिले. नातलगांना आजार समजला, त्यांची भीती ओसरली, आणि ते आपल्या माणसाला घरी परत नेऊ लागले.

देवस्थानांच्या बाबतीत मात्र आपल्याकडे दोन परस्परविरुद्ध चित्रे दिसतात. तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या श्रद्धेने येणाऱ्या रुग्णांना ठेवून घेणारी खाजगी निवासस्थाने उभी राहिली होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे त्यांतील एका झोपडीवजा निवासास आग लागली. आतील माणसे साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जीव गेले. दोष कोणत्या धर्माच्या श्रद्धेचा नव्हता. श्रद्धेच्या सावलीत बसून, घराने टाकलेल्या माणसांवर पैसा मिळविणाऱ्यांचा होता, आणि पाहूनही न पाहणाऱ्या आपणा सर्वांचा होता.

त्याच तमिळनाडूत मुथुस्वामी नावाच्या एका सत्पुरुषाच्या समाधिमंदिरात बंगळूरच्या मनोविकारतज्ज्ञांनी एक पाहणी केली, ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. गंभीर मनोविकाराचे ३१ जण नातलगांसह सरासरी सहा आठवडे मंदिरात राहिले. मंत्रतंत्र नाही, औषध नाही; सकाळची पूजा, आवारातील झाडलोट, झाडांना पाणी घालणे, एवढाच दिनक्रम. त्यांच्या लक्षणांत सुमारे वीस टक्क्यांचा उतार पडला. पाहणी लहान होती, आणि तीवरून औषधे बंद करावीत असा अर्थ काढणे घातक ठरेल. पण शांत, निर्भय जागा आणि सोबतीला आपली माणसे यांचा गुण येतो, एवढे तीतून दिसते. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील मीरा दातार दर्ग्यात तर २००८ पासून दवा आणि दुवा एकाच आवारात मिळू लागली. मुजावरच रुग्णाला डॉक्टरांकडे धाडू लागले.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णास साखळीने बांधण्यास स्पष्ट बंदी घातली आणि समाजात राहण्याचा त्याचा हक्क मान्य केला. कायद्याने साखळी काढता येते. परंतु अग्रशाळेतील शेजारच्या खोलीचे बंद दार कायद्याने उघडत नाही. ते उघडणे महाजनांच्या हाती आहे.

आपल्या पूर्वजांनी अग्रशाळा बांधल्या, त्या दूरच्या कुळाव्याला देवाच्या दारी हक्काचा आसरा मिळावा म्हणून. घेलच्या शेतकऱ्यांजवळ याहून निराळे काही नव्हते : एक खोली, एक पान आणि थोडा धीर. असे कुटुंब आले तर त्यांना कोपऱ्याकडची खोली न देता विचारपूस करावी. कौलप्रसाद झाल्यावर ‘डॉक्टरांना दाखविले का?’ असा प्रश्न पुजाऱ्याने आपुलकीने विचारावा. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक सूचनाफलकावर लिहून ठेवावा. यासाठी निधीची किंवा ठरावाची आवश्यकता नाही.

आणि आपल्याच घराण्यांतून ज्यांची नावे मंगलकार्याच्या यादीत घातली जात नाहीत, ज्यांच्याविषयी ‘प्रकृती बरी नसते’ एवढेच सांगितले जाते, त्यांनाही येत्या उत्सवात पालखीसमोर उभे राहता यावे. देवाने त्यांना कधीच दूर लोटलेले नाही. आपणही लोटू नये, एवढी बुद्धी त्याने आपणांस द्यावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.