बिनजकातीचा बर्फ आणि करभाराचे मीठ

#इतिहास_धागा

१/ गेल्या उन्हाळ्यात घाटघरला मामाच्या घरी होतो. नाणेघाट पाहून परतलेल्या भटक्यांसाठी मामी कोकम सरबत करीत होती आणि फ्रिजमधला बर्फ काही केल्या सुटेना. ट्रे पिळायच्या खुंटीवर मी जोर दिला, तर ट्रेच तडकला. आजी म्हणाली, “काठोकाठ भरलास ना पाण्याने? मग वड्या कशा सुटतील रे? लादीच झाली त्याची.” चूक माझी होती. परंतु त्या तडकलेल्या ट्रेने एक प्रश्न मनात सोडला: उन्हाळ्यातला बर्फ आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आला कसा, आणि त्याची किंमत कोणी मोजली?

२/ प्रश्न पडला ती जागाही अर्थपूर्ण होती. घाटघर हे नाणेघाटाच्या माथ्यावरचे गाव. शेजारी जीवधन उभा आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा माल सातवाहनकाळात याच वाटेने चढे. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे लोकपरंपरा सांगते. लेण्यातील नागनिकेच्या प्रसिद्ध ब्राह्मी लेखात मात्र यज्ञ आणि दक्षिणांची नोंद आहे, रांजणातल्या जकातीची नाही. लेख आणि लोकस्मृती ही दोन वेगळी साधने आहेत. दोन्ही मोलाची, पण एकाची साक्ष दुसऱ्याच्या तोंडी घालू नये.

३/ तरीही घाटमाथ्यावर उभे राहिले की एक कसोटी हाती लागते. कोणत्याही राजवटीचा स्वभाव ओळखायचा असेल तर विचारावे: तिने कोणत्या मालावर कर घेतला आणि कोणता माल मोकळा सोडला? हीच कसोटी आपण बर्फाला लावून पाहू.

४/ आधी यंत्रपूर्व काळ. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त सोऱ्याने पाणी गार करण्याची रीत नोंदलेली आहे. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो. त्या पाण्यात पिण्याच्या पाण्याचे भांडे फिरवले की ते गार होते. बादशाही मुक्काम लाहोरला असताना डोंगरांतून हिम आणि बर्फही येत असे. १७७५ मध्ये रॉबर्ट बार्कर याने अलाहाबादेकडची पद्धत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली: उथळ खड्ड्यात वाळलेल्या उसाच्या ताटांचा थर, त्यावर मातीच्या सच्छिद्र थाळ्या, थाळ्यांत पाणी. थंडीतल्या निरभ्र, निवांत रात्री उष्णता आकाशाकडे निघून जाई आणि पहाटे बर्फाचे पापुद्रे गोळा केले जात. ज्ञान होते, कसबही होते. उपभोग मात्र मूठभरांचा.

५/ १२ मे १८३३. अमेरिकेतील बोस्टन बंदरातून ‘टस्कनी’ नावाचे जहाज निघाले. मालक फ्रेडरिक ट्यूडर, माल तळ्यांतून कापलेला सुमारे १८० टन बर्फ. लाकडाच्या भुशासारख्या साध्या वस्तूंनी उष्णता रोखायची, ही त्या व्यापाराची युक्ती. जहाजाने विषुववृत्त दोनदा ओलांडले आणि सुमारे चार महिन्यांनी ते कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा अंदाजे १०० टन बर्फ शिल्लक होता.

६/ आता कसोटी. कलकत्त्यात या मालाला जकात माफ झाली. माल वितळू नये म्हणून रात्री उतरवून घेण्याची मुभा मिळाली. गव्हर्नर जनरल बेंटिंक याने बर्फ आणणाऱ्या विल्यम रॉजर्सला चांदीचा चषक भेट दिला. म्हणजे गोऱ्या साहेबाच्या पेल्यातला गारवा ही राजवटीने निकडीची गरज मानली होती.

७/ पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, हा अमेरिकी बर्फ मुंबईत आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी (त्यांना ‘सर’ हा किताब मिळायला अजून आठ वर्षे होती) आपल्या मेजवानीत आइस्क्रीम दिले. यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’ने दिली, हा किस्सा मुंबईच्या इतिहासलेखनात वारंवार येतो. पुढे १८४० च्या दशकात कोटात, सेंट अँड्र्यूज चर्चजवळ, बर्फ साठवण्यासाठी खास ‘आइस हाऊस’ उभे राहिले. मद्रासचे तसेच बर्फघर आजही उभे आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंदांचा मुक्काम तेथे होता, म्हणून आज ते विवेकानंद हाऊस म्हणून ओळखले जाते.

८/ याच वर्षांत मुंबई इलाख्यात दुसऱ्या एका पांढऱ्या स्फटिकाचे काय चालले होते? मिठाचे. १८३७ च्या सुमारास अंतर्गत वाहतुकीवरील जकाती रद्द झाल्या. वाटांवरची नाकी सैल झाली, हे स्वागतार्हच. परंतु बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई म्हणून मिठावर मणामागे ८ आणे कर बसला. १८४४ मध्ये तो १ रुपया करण्यात आला. सुरतेत लोक रस्त्यावर उतरले, दंगल झाली, आणि अखेर सरकारला दर खाली आणावा लागला.

९/ हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. बर्फ ही चैन, तिला जकातमाफी. मीठ ही गरिबाच्या भाकरीसोबतची वस्तू, तिच्यावर कर. कोकणचे मीठ पाठीवर आणि बैलांवर लादून घाट चढणाऱ्यांच्या दृष्टीने नाक्यावरची जकात गेली खरी, पण ती मिठाच्या किमतीत शिरून पुन्हा त्यांच्याच घरी आली.

१०/ यातला उपरोध पदार्थविज्ञानाचाही आहे. नुसत्या बर्फाने आइस्क्रीम गोठत नाही. बर्फात मीठ मिसळले की मिश्रणाचे तापमान शून्याच्या बरेच खाली, सुमारे उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते; हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटमध्ये आपण आजही तेच करतो. मेजवानीचा गारवा मिठाशिवाय अशक्य होता. ज्याला माफी मिळाली तो माल, कर सोसणाऱ्या मालावाचून अपुराच होता.

११/ मग यंत्रे आली. १८७४ मध्ये मद्रासेत इंटरनॅशनल आइस कंपनी, १८७८ मध्ये कलकत्त्यात बेंगॉल आइस कंपनी. १८८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी बर्फाचा व्यापार संपला. बर्फ आता जहाजातून नव्हे, कारखान्यातून लादीच्या रूपात निघू लागला आणि ससून डॉकच्या मासळीपासून गोळेवाल्याच्या गाडीपर्यंत पोहोचला. १९५८ मध्ये गोदरेजने भारतीय बनावटीचा फ्रिज बाजारात आणला. शहरांतून तालुक्याला आणि तालुक्यांतून घाटमाथ्यावरच्या गावांपर्यंत यायला त्याला आणखी काही दशके लागली.

१२/ म्हणून फ्रिजमधला बर्फाचा ट्रे इतिहासाच्या विद्यार्थ्यानेही जपून वापरावा! पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते; म्हणून खुणेच्या खालीच भरावे, अन्यथा वड्या एकमेकींना जोडल्या जातात. पूर्ण गोठण्याआधी खुंटी पिळू नये. पाणी पिण्याचेच, गाळलेले असावे; जड पाण्याचा पांढरा थर ट्रेवर साचतो. बर्फ वास धरतो, तेव्हा लसणाची चटणी झाकून ठेवावी आणि साठवणीचा डबा अधूनमधून कोमट पाण्याने धुऊन कोरडा करावा. नळजोडणीचा स्वयंचलित आइस मेकर असेल तर फिल्टर वेळेवर बदलावा आणि पहिल्या एक-दोन खेपांचा बर्फ टाकून द्यावा. बर्फ म्हणजे शेवटी पाणीच. गोठल्याने ते शुद्ध होत नाही. अखाद्य बर्फ निळसर रंगवण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला, तो याच कारणाने.

१३/ दुसऱ्या दिवशी जुन्नरहून नवा ट्रे आणला. आजीने तो स्वतः भरला, खुणेच्या बोटभर खाली. संध्याकाळी खुंटी पिळली तशा वड्या खळकन डब्यात पडल्या. आजीने एक वडी तळहातावर घेतली आणि ती वितळेपर्यंत नुसती पाहत राहिली. मग म्हणाली, “आमच्या लहानपणी हे फक्त जत्रेत दिसायचं.” ज्या गारव्यासाठी कधी काळी साम्राज्याने जकात सोडली, तो आज नाणेघाटाच्या माथ्यावर एका म्हातारीच्या हातात आहे. किती जणांच्या हाती तो अजून पोहोचलेला नाही, हेही मोजत राहणे इतिहासाचेच काम आहे.

धागा समाप्त. तुमच्या घरात पहिला फ्रिज कधी आला आणि त्याआधी बर्फ कुठून येई, हे आजी-आजोबांना विचारा आणि खाली लिहा. तीही साधनेच आहेत.