कक्षक-संकरण व रेणूंचे आकार

अणूच्या बाह्यतम कवचातील एस व पी कक्षकांचे गणिती मिश्रण करून तितक्याच संख्येचे, परंतु निश्चित दिशांना रोखलेले नवे कक्षक कल्पिण्याच्या रीतीस संकरण म्हणतात. कार्बनच्या चार संयुजा चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे वळलेल्या असतात, हे व्हांट हॉफ व ल बेल यांनी १८७४ मध्ये स्वतंत्रपणे प्रतिपादिले होते. तथापि त्या आकाराचा पुंजयामिकीस मान्य होईल असा खुलासा लायनस पॉलिंग व जॉन स्लेटर यांनी १९३१ साली केला, तोवर अर्धशतकाहून अधिक काळ लोटला होता.

कार्बनी संयुगातील एखाद्या अणूचे संकरण वर्तवावयाचे झाल्यास त्याचे सिग्मा बंध आणि एकाकी इलेक्ट्रॉन-युग्मे यांची बेरीज करावी. ती चार भरल्यास एसपी-३, तीन भरल्यास एसपी-२ व दोन भरल्यास एसपी संकरण. द्विबंधातील वा त्रिबंधातील पाय बंध हिशेबात धरावयाचे नाहीत. मिथेनमधील १०९.५° चा, एथिलीनमधील सुमारे १२०° चा आणि ॲसिटिलीनमधील १८०° चा कोन या बेरजेशी जुळतो. अमोनियात (१०७°) व पाण्यात (१०४.५°) कोन किंचित आकसतो, कारण एकाकी युग्म बंधातील युग्मापेक्षा अधिक जागा अडविते. आकाराचे नाव मात्र केवळ अणूंच्या मांडणीवरून दिले जात असल्यामुळे, बेरीज चार असूनही अमोनियाचा रेणू पिरॅमिडसारखा आणि पाण्याचा वाकडा म्हणवितो.

विद्यार्थ्याची खरी फसगत होते ती अमाइडमधील नायट्रोजनपाशी. फॉर्मामाइडमध्ये त्या नायट्रोजनला तीन सिग्मा बंध व एक एकाकी युग्म आहे. म्हणजे बेरजेने एसपी-३ ठरावयास हवे. पण शेजारच्या कार्बोनिल गटाच्या पाय बंधाशी संयुग्मित होण्यासाठी ते युग्म पी कक्षकात राहते, नायट्रोजन एसपी-२ होतो आणि त्याचे तिन्ही बंध जवळजवळ एका प्रतलात येतात. याचा पुरावा बंधलांबीत सापडतो : साध्या अमाइनमधील कार्बन-नायट्रोजन बंध सुमारे १.४७ आँगस्ट्रॉम, तर पेप्टाइडमधील सुमारे १.३३. हे प्रतलत्व गृहीत धरूनच पॉलिंग, कोरी व ब्रॅन्सन यांनी १९५१ मध्ये प्रथिनांच्या आल्फा सर्पिलाची रचना मांडली. पिरोलमधील नायट्रोजनचे युग्मही असेच वलयाच्या पाय-मंडळात गुंतलेले असते. पिरिडिनमधील युग्म वलयाच्या प्रतलातील एसपी-२ कक्षकात मोकळे राहते, म्हणून पिरिडिन आम्लातील प्रोटॉन सहज स्वीकारते आणि पिरोल तसे करीत नाही. तेव्हा एकाकी युग्माच्या लगत पाय बंध आहे काय, हे पाहिल्यावाचून बेरजेचा निकाल देऊ नये.

ॲलीनमध्ये मधला कार्बन एसपी व टोकांचे दोन एसपी-२ असतात. मधल्याचे दोन पाय बंध परस्परांशी काटकोनात असल्याने दोन टोकांचे हायड्रोजनही एकमेकांशी काटकोनी प्रतलांत पडतात. सायक्लोप्रोपेनमध्ये तर बेरीज चार असूनही वलयातील कोन ६०° चा आहे, आणि तेथील बंध अणुकेंद्रांना जोडणाऱ्या रेषेबाहेर वक्र झालेले आहेत.

संकरणामुळे आकार घडतो असे पाठ्यपुस्तके सर्रास लिहितात, ते सैल विधान होय. आकार ऊर्जेच्या किमानतेने ठरतो आणि संकरण त्याचे सोयीस्कर वर्णन करते. दुसऱ्या आवर्तनाबाहेर ही सोयही अपुरी पडते : हायड्रोजन सल्फाइडमध्ये गंधकाची बेरीज पाण्यातील ऑक्सिजनप्रमाणेच चार येते, परंतु तेथील कोन अवघा ९२° आहे.