पाइकचा गळ

शिकारीच्या साधनांचा इतिहास म्हणजे मनुष्याच्या चातुर्याचा इतिहास, असें आपण सहज म्हणून जातों. परंतु तींच साधनें जरा बारकाईनें पाहिलीं, तर त्यांत मनुष्याच्या मनाचाहि इतिहास उमटलेला दिसतो. पाइक व मस्की या दोन माशांच्या गळाची हकीकत याचें चांगलें उदाहरण आहे.

पाइक हा युरोप, आशिया व अमेरिका या खंडांच्या उत्तर भागांतील गोड्या पाण्याचा लांबट, हिरवट मासा. इंग्रजांनीं त्याला टोंकदार भाल्याचें नांव दिलें. मस्की हा त्याचाच थोरला भाऊबंद. तो मूळचा उत्तर अमेरिकेचा, आणि त्याचें नांव तेथील ओजिब्वे लोकांच्या भाषेंतून आलेलें आहे. दोघेहि पाणगवतांत दबा धरून बसतात आणि भक्ष्य टप्प्यांत येतांच बाणासारखे सुटतात. दांत असे तीक्ष्ण कीं, साधी दोरी तेव्हांच तुटावी.

इंग्लंडांत १४९६ सालीं विंकिन द वर्ड या मुद्रकानें गळाच्या मासेमारीवर एक लहानसा प्रबंध छापला. ज्युलियाना बर्नर्स नांवाच्या बाईंनीं तो लिहिला अशी परंपरा आहे. विद्वानांना मात्र ती शंकास्पद वाटते. पाइकसाठीं तारेचा उपयोग करावा, आमिष म्हणून मासा किंवा बेडूक लावावा, असें त्यांत सांगितलें आहे. मौज पाहावयाची असेल तर दोरी पाळीव हंसाच्या पायाला बांधावी आणि पक्षी व मासा यांच्या ओढाताणींत कोण जिंकतो तें पाहावें, असाहि सल्ला त्यांत आहे! तोच ग्रंथ शेवटीं मात्र बजावतो कीं, एका वेळीं फार मासे धरण्याची हांव बाळगूं नये.

१६५३ सालीं आयझाक वॉल्टनचा ‘कंप्लीट अँगलर’ प्रसिद्ध झाला. बेडकाच्या तोंडांतून गळ घालून त्याचा पाय तारेशीं शिवून टाकण्याची रीत वॉल्टन सविस्तर सांगतो. आणि हें करतांना बेडकाला प्रेमानें हाताळावें, म्हणजे तो अधिक वेळ जगेल, असेंहि सुचवितो. आपल्याकडे मरळीसाठीं बेडूक लावणाऱ्यांना ही युक्ति नवी वाटणार नाहीं. त्या उपदेशांतील प्रेम मात्र वाचकाला अस्वस्थ करतें.

पुढें १६८२ सालीं रॉबर्ट नॉब्स यानें पाइकच्या मासेमारीवर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. त्याच्या पद्धतींत शिशाचें वजन असलेला गळ मेलेल्या माशांतून ओवीत. पाइक भक्ष्य आधीं आडवें पकडतो, मग फिरवून डोक्याकडून गिळतो. म्हणून तें पोटांत जाईपर्यंत स्वस्थ थांबावयाचें. यांत मासा बहुधा सुटत नसे. परंतु गळ जठरांत रुतल्यामुळें अगदीं लहान मासाहि जिवंत सोडण्याजोगा उरत नसे. कोणता मासा ठेवावा व कोणता सोडावा, ही निवडच त्या साधनानें मनुष्याच्या हातून काढून घेतली होती.

ती परत मिळाली एकोणिसाव्या शतकांत. जार्डीन याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जोडगळांत तीन-तीन आंकड्यांचे दोन गळ आमिषाच्या बाहेरून लावलेले असतात. पाइकनें आमिष धरल्यावर लगेच झटका द्यावयाचा, म्हणजे गळ बहुधा जबड्यांतच लागतो. अमेरिकेंत ज्युलिओ ब्युएल यानें १८५२ सालीं चमच्याच्या आकाराच्या धातूच्या आमिषाचें पेटंट घेतलें. हातांतला चमचा तळ्यांत पडला, त्यावर माशानें झडप घातली, आणि त्यावरून ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. तें कसेंहि असो; पाण्यांतून ओढतांना डगमगणारा तो पत्रा जखमी माशाचें सोंग उत्तम वठवितो, आणि बेडकाचे हाल वांचतात. ओजिब्वे लोकांनाहि सोंगाची कला अवगत होती. गोठलेल्या सरोवराला भोंक पाडून ते कोरीव लांकडी मासा खालीं नाचवीत आणि जवळ येणाऱ्या माशाला भाल्यानें टिपीत. त्यांना मात्र तो खेळ नव्हता. तें हिवाळ्याचें अन्न होतें.

मस्की फार सावध. तो आमिषामागें होडीपर्यंत येतो आणि पुष्कळदां तसाच परततो. म्हणून काठीचें टोंक पाण्यांत बुडवून आमिष इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणें फिरवितात. १९४९ सालीं विस्कॉन्सिनमध्यें लुई स्प्रे यानें ६९ पौंड ११ औंस वजनाची मस्की पकडल्याचें नोंदलें गेलें. ती होडीपाशीं येतांच तिला गोळी घालण्यांत आली होती. आणि ती खरोखर तेवढी होती काय, यावर पुढें मोठा वाद माजला.

१९६६ सालीं मिनेसोटांत या माशाच्या रक्षणासाठीं ‘मस्कीज इन्कॉर्पोरेटेड’ ही संस्था निघाली, आणि पकडलेली मस्की जिवंत सोडण्याची चाल हळूहळू रुजली. आज होडींत लांब चिमटा, गळाचे आंकडे तोडणारी कात्री आणि रबरी जाळें असतें. मासा शक्य तों पाण्यांतच ठेवून गळ काढतात. यामुळें सर्व दोष फिटला असें नव्हे. ज्याला खावयाचें नाहीं त्याला गळ लावावाच कां, हा प्रश्न उरतोच. तथापि शेंकडों वर्षें मनुष्याची बुद्धि मासा सुटूं नये यासाठीं झिजली, तीच आतां तो धडपणें सुटावा यासाठींहि झिजूं लागली आहे. १४९६ च्या त्या प्रबंधांतील शेवटचा उपदेश साधनांत उतरावयास एवढा काळ लागला.