तळटीप : ‘नरकनौका’

दुसऱ्या महायुद्धात जपानने पकडलेल्या दोस्त सैनिकांना मजुरीसाठी फिलिपिन्समधून जपान, फोर्मोसा (आजचे तैवान) आदी ठिकाणी नेणाऱ्या मालवाहू जहाजांचे कैद्यांमध्ये रूढ झालेले नाव. यांतले बरेच अमेरिकन सैनिक एप्रिल-मे १९४२ मध्ये फिलिपिन्समधली बतान व कोरेगिडोर ही ठाणी पडल्यावर जपान्यांच्या हाती लागले होते. त्यांना जहाजाच्या पोटातल्या मालकोठारांत कोंबले जाई. हवा अपुरी, पाणी मोजके, शौचासाठी बादल्या. पण याहून मोठा धोका स्वकीयांचाच होता. आत युद्धकैदी असल्याची कोणतीही खूण जहाजावर नसे आणि अमेरिकन पाणबुड्या त्याला शत्रूचे रसदजहाज समजत. २४ ऑक्टोबर १९४४ रोजी दक्षिण चीन समुद्रात ‘आरिसान मारू’ हे जहाज अशाच एका पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाले. त्यावर सुमारे १,८०० कैदी होते, जवळजवळ सगळे अमेरिकन. बुडण्यापूर्वी बहुतेकांना जहाजाबाहेर पडता आले होते. मात्र जपानी विनाशिकांनी आपली माणसे उचलली आणि कैद्यांना पाण्यातच सोडले. अवघे ९ जण वाचले. त्यांतले पाच एका होडीतून चीनच्या किनाऱ्याला लागून पुढे मायदेशी पोचले, तर चौघे पुन्हा जपान्यांच्या कैदेत गेले. समुद्रात एकाच जहाजाबरोबर इतके अमेरिकन बुडाल्याची दुसरी घटना नाही.