शंखवासी खेकडा, मोठा : ओळख

मेलेल्या गोगलगायीच्या रिकाम्या शंखात आपले मऊ उदर लपवून, तो शंख पाठीशी वागवीत हिंडणारा कवचधारी प्राणी. संधिपाद संघाच्या दशपाद गणात, खऱ्या खेकड्यांहून निराळ्या अशा ॲनोम्यूरा विभागात त्याची गणना होते. त्याच्या हजाराहून अधिक जाती आजवर वर्णिल्या गेल्या असून त्यांपैकी बहुसंख्य इतक्या लहान आहेत की कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर आणि खाड्यांच्या चिखलात ओहोटीच्या वेळी सर्वत्र वावरणाऱ्या डायोजेनीस व क्लिबॅनॅरियस या प्रजातींकडे सहसा कोणाचे लक्षही जात नाही. मात्र मुठीत न मावणारा शंख ओढीत चाललेला एखादा प्राणी दिसला, की तो कोणता, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

या प्रश्नाचे उत्तर शंखावरून देण्याचा मोह पहिल्या प्रथम आवरावा. शंखाचा मूळ मालक मृदुकाय संघातील असून खेकडा केवळ त्याची वहिवाट करणारा आहे. वाढत्या देहाला जागा अपुरी पडू लागताच तो अधिक मोठा शंख शोधतो, आणि एकाच जातीचे खेकडे एकाच किनाऱ्यावर पाच-सहा प्रकारच्या शंखांत आढळू शकतात. आकाराचा पुरावाही तितकाच अपुरा होय, कारण मोठ्या जातीचे पिल्लू लहान जातीच्या प्रौढाएवढेच असते. रंगाची साक्ष जिवंत प्राण्यापुरतीच ग्राह्य मानावी. मद्यार्कात जतन केलेल्या नमुन्याचा तांबडा रंग लवकरच उडून जातो.

ओळख पटविण्यासाठी प्राणी ओढून बाहेर काढणे हे क्रूर तर आहेच, शिवाय निरर्थकही आहे. बहुतेक शंखांची वळणे उजवीकडे जात असल्यामुळे त्याचे उदरही त्याच बाजूस वळलेले असते. पायांच्या शेवटच्या दोन जोड्या आखूड होऊन शंखाला आतून आधार देतात, आणि शेपटीच्या टोकाशी असलेला डावा, मोठा व खरखरीत पुच्छपाद शंखाच्या मध्यस्तंभाला असा घट्ट धरून ठेवतो की ओढाताण झाल्यास प्राणी फाटतो, पण पकड सोडीत नाही. सागरी खेकड्याला उथळ भांड्यात ताज्या समुद्रजलात ठेवून निरीक्षकाने निश्चल बसावे, म्हणजे काही वेळाने नांग्या, डोळे व शृंगिका आपोआप बाहेर येतात, आणि आवश्यक ती बहुतेक लक्षणे याच अवयवांत असतात.

पहिले लक्षण नांग्यांचे. कोणती नांगी मोठी, हे ठरविताना बाजू खेकड्याची धरावी, पाहणाऱ्याची नव्हे. प्राणी समोर तोंड करून असला तर दोन्ही बाजू उलट दिसतात, आणि नोंदींत होणाऱ्या बहुतांश चुकांचे मूळ येथेच असते. पॅग्यूरिडी कुलात उजवी नांगी मोठी असते, डायोजेनिडी कुलात सामान्यतः डावी मोठी किंवा दोन्ही सारख्या असतात. ईशान्य अटलांटिकच्या किनाऱ्यांवर विपुल आढळणारा, लिनीअसने 1758 मध्ये वर्णिलेला पॅग्यूरस बर्नहार्डस हा पहिल्या कुलाचा ठळक दाखला होय. या नियमाला अपवाद आहेत, आणि त्यांतील एक नेमका मोठ्या खेकड्यांतलाच आहे : फ्लोरिडा व कॅरिबियन समुद्रात महाकाय क्वीन काँच शंखात राहणारा पेट्रोकायरस डायोजेनीस हा दुसऱ्या कुलातील असूनही त्याची उजवी नांगी किंचित मोठी असते. तेव्हा नांगीवरून कुलाचा अंदाज बांधावा, निकाल देऊ नये.

हिंदी महासागराच्या प्रवाळभित्तींवर, लक्षद्वीप व अंदमान येथेही, भेटणारा खरा मोठा सागरी शंखवासी म्हणजे हेर्बस्टने 1804 मध्ये वर्णिलेला डार्डॅनस मेजिस्टॉस. पूर्व आफ्रिकेपासून हवाई बेटांपर्यंत त्याची हद्द पसरली असून पूर्ण वाढीचा प्राणी सुमारे 30 सेंमी. पर्यंत पोहोचतो. तांबडे अंग, त्यावर काळ्या कडेचे पांढरे ठिपके, पायांवर दाट राठ केस आणि मोठी डावी नांगी ही लक्षणे एकत्र दिसली म्हणजे शंकेला फारशी जागा उरत नाही. एवढे देखणे जनावर किनाऱ्यावर क्वचितच पाहावयास मिळते. त्याचाच सगोत्र डार्डॅनस पेडन्क्युलेटस शंखावर समुद्रफुले बाळगतो. शंख बदलताना तो नांग्यांनी व पायांनी चोळून ती जुन्या शंखावरून सैल करतो आणि नव्यावर नेऊन बसवितो, कारण त्यांच्या दंशामुळे अष्टपादासारखा शत्रू दूर राहतो.

भरतीच्या रेषेपलीकडे, झाडीत किंवा कोरड्या वाळूत सापडलेला मोठा शंखवासी बहुधा सीनोबिटा प्रजातीचा असतो. दोन्ही बाजूंनी चपटलेले नेत्रवृंत आणि बोथट टोकाच्या लघुशृंगिका ही त्याची खूण. तो शंखात थोडे पाणी साठवून कल्ले ओले ठेवतो, पण हवेवर जगणारा असल्यामुळे दीर्घकाळ पाण्यात बुडविल्यास मरतो; म्हणून वर सांगितलेली भांड्याची तजवीज करण्यापूर्वी लघुशृंगिका अवश्य पाहाव्यात.

कधी किनाऱ्यावर सर्व पायांसह, परंतु आतून पोकळ असे खेकड्याचे आवरण पडलेले असते. तो मृत प्राणी नसून त्याने टाकलेली कात असू शकते. वजन हलके असणे व दुर्गंधी नसणे यांवरून ते कळते.

भारतीय जातींच्या तपशिलासाठी ॲल्कॉक यांनी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील संग्रहावरून सिद्ध केलेली 1905 ची सूची आजही उघडावी लागते. नावे पुष्कळ बदलली असली तरी वर्णनांची काटेकोर शिस्त अनुकरणीय आहे.

या सर्वांत मोठा, आणि ओळखण्यास सर्वांत फसवा, तो नारळखेकडा (बिर्गस लॅट्रो). 4 किग्रॅ. पर्यंत वजनाचा हा भूचर प्राणी भारतात निकोबार समूहात आढळतो व 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला अभय दिले आहे. प्रौढपणी त्याचे उदर कठीण झालेले असते व तो शंख वापरीत नाही, त्यामुळे त्याला शंखवासी म्हणण्यास पाहणारा धजत नाही. तथापि त्याचे पिल्लू समुद्रातून बाहेर येते ते शंख घेऊनच, आणि मादीच्या उदरावर अंडी धरणारी उपांगे, सरळ उदराच्या प्राण्यात अपेक्षित असतात तशी दोन्ही बाजूंना नसून, केवळ डाव्या बाजूसच असतात.